इरकलीची झालर

१

दुपारचं ऊन अंगणातल्या शहाबादी फरशीवर आलं की सिद्रामप्पा उठून पडदा सोडत. हे काम त्यांचं एकट्याचं. कामाला येणाऱ्या नागूबाईला पडद्याच्या साखळीला हात लावू द्यायचा नाही असा त्यांनी नियम केला होता, कारण ती साखळी विहिरीचा दोर ओढावा तशी ओढायची.

पडदा गुंडाळीचा होता, साईच्या रंगाचा. पुण्याहून दीपमालानं, त्यांच्या मुलीनं, पाठवला होता. मुरुम गावात असला पडदा दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता. पश्चिमेच्या भिंतीत एक बुटकी, उंचावरची खिडकी, खिडकीखाली भिंतीला लावलेला दिवाण, आणि दिवाणावर सत्यभामा, त्यांची बायको. संक्रांतीनंतर तिची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. उरले ते तीन शब्द: ‘हं’, ‘नको’ आणि ‘वर’.

सिद्रामप्पांनी सोलापूरच्या एका कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. डॉक्टरेट केली. निवृत्त होऊन गावी आले, दारावर ‘डॉ.’ची पाटी लावली, तर पहिल्याच आठवड्यात दोघं जण तापाच्या गोळ्या मागायला आले. त्यांनी पाटी काढून ठेवली. पेपर तपासून तपासून मानेचे मणके झिजले होते, म्हणून गळ्याला पट्टा असायचा. पट्ट्यामुळं ते फार ताठ, फार ठाम दिसत. प्रत्यक्षात गॅस बंद केला की नाही हे बघायला ते तीन वेळा स्वयंपाकघरात जात, आणि तिसऱ्यांदा जाताना आपण मुळात दोनदा गेलो होतो का, याबद्दल त्यांना शंका येई.

पडदा सोडला की खोली पिवळसर होई. पण गुंडाळी आणि भिंत यांच्यामध्ये वर एक फट राहायची. अंगणातल्या फरशीवरून उसळलेला उजेड त्या फटीतून आत यायचा आणि छतावर एक लांब पट्टी उमटायची. सत्यभामा डोळे ताणून वर बघत राहायची. डोळ्यांतून पाणी यायचं, उशी भिजायची.

“वर,” ती म्हणायची. “वर.”

“उजेड टोचतोय गं तुला,” सिद्रामप्पा म्हणायचे.

“नको.”

“उजेड नको. कळलं.”

त्या सुमारास दीपमालाचा फोन आला. ती समजावून बोलायची, आणि तिनं समजावायला घेतलं की सिद्रामप्पा फोन दुसऱ्या कानाला लावायचे. “अप्पा, उन्हाळा संपेपर्यंत बघू. अव्वा निदान आधाराशिवाय बसायला लागली तर राहा तिथंच, मी काही म्हणणार नाही. नाहीतर इथं एक चांगलं केंद्र आहे. तुम्ही माझ्याकडं राहा, रोज संध्याकाळी भेटायला जा.”

रोज संध्याकाळी भेटायला. सिद्रामप्पांनी फोन ठेवला आणि सत्यभामाकडं बघितलं. लग्नापासून हिला भेटायला जावं लागलं नव्हतं. ती असायचीच.

२

झालरीची कल्पना नागूबाईची. “वरनं एक फडकं लावा की सर. आमच्या लेकीच्या लग्नात मांडवाला लावली होती तसली झालर. लई झकास दिसंल.”

सत्यभामाचं पायमशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. गल्लीतल्या पोरींचे फ्रॉक, देवाचे झगे, उशांचे अभ्रे, सगळं तिनं त्यावर शिवलं होतं. सिद्रामप्पांनी कव्हर काढलं, चाकाला तेल दिलं आणि दिवाणाजवळ ओढून आणलं. सत्यभामाच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

कापड कोणतं घ्यायचं? त्यांनी जुनी चादर दाखवली. “नको.” जुना पडदा दाखवला. “नको.” मग तिनं डावा हात उचलून कपाटाच्या खालच्या कप्प्याकडं बोट केलं. तिथं एकच गाठोडं होतं. त्यात तिची डाळिंबी इरकल, लाल-पांढऱ्या पदराची. दीपमालाच्या लग्नात नेसलेली.

“अक्का!” नागूबाई ओरडलीच. “नेसायची साडी कापतेत व्हय? डोस्कं फिरलं का तुमचं?”

सत्यभामानं साडीवर हात ठेवला आणि तो उचलला नाही. “हं,” ती म्हणाली.

सिद्रामप्पांना कळलं. ती पुन्हा साडी नेसणार नाही हे तिला त्यांच्या आधी कळलं होतं. त्यांनी कात्री घेतली. पदर सरळ कापला.

पुढचे काही दिवस त्या घरात बऱ्याच महिन्यांनी बरे गेले. झालरीला कापड खिडकीच्या दुप्पट लागतं, तरच चुण्या पडतात, हे सिद्रामप्पांना माहीत नव्हतं. सत्यभामानं डाव्या हाताच्या दोन बोटांवर कापडाची घडी घालून दाखवली: एवढी. त्यांनी खडूनं खुणा केल्या, चुण्या टाचल्या आणि अर्ध्या चुण्या उजवीकडं, अर्ध्या डावीकडं तोंड करून घातल्या. सत्यभामानं बघितलं आणि अर्ध्या तोंडानं हसली. ते हसू बघून सिद्रामप्पांना वाटलं, आणखी चुकावं.

“सर, पोरांना काय शिकवलं असंल तुमी!” नागूबाई दारातून म्हणाली. “एक चुण सरळ घालता येईना.”

“संख्याशास्त्रात चुण्या नसतात, नागूबाई.”

“मग काय कामाचं ते?”

उसवलं, पुन्हा टाचलं. वरच्या कडेला दांडी जाण्यापुरता नेफा ठेवून टीप मारली. झालर तयार झाली. दाट, सारख्या चुण्यांची, खाली लाल-पांढरी कड. सत्यभामानं ती गालाला लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

३

झालर लावायला बाजारातला ईरण्णा आला. गाद्या आणि पडद्यांचं त्याचं दुकान होतं. तोंडात पान आणि खांद्यावर ड्रिल. स्टुलावर चढून त्यानं खिडकीच्या वर हात फिरवला आणि थांबला.

“सर, इथं तर कड्या हायेत.”

“कसल्या कड्या?”

“लोखंडाच्या. दोन. खिडकीच्या दोन्ही अंगाला.” त्यानं पटाशीनं रंग खरवडला. चुन्याचे, डिस्टेंपरचे थर सुटून दिवाणावर पडले. “भिंतीतच बशिवल्यात. दगडात. जुनं काम हाय. ड्रिल कशाला? दांडी ह्यातनंच ववू.”

सिद्रामप्पा मान वळवू शकत नसत. मागं सरकून, अख्खं अंग तिरपं करून त्यांनी वर बघितलं. काळ्या, जाड, वाटीच्या तोंडाएवढ्या दोन कड्या. ही पुढची खोली आजोबांच्या काळची, बाकी घर त्यांनी स्वतः बांधलं होतं. लहानपण ह्याच खोलीत गेलं. या कड्या कशाच्या? पाळण्याच्या असतील. पण पाळणा आढ्याला टांगतात, भिंतीला नाही. कंदिलाच्या असतील. कंदिलाला एक पुरते.

“बाहेरनं रंगच रंग,” ईरण्णा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “आन् आतनं बघा की. चकचकीत. काल-परवा दोर फिरल्यावानी.”

“जुनं लोखंड चांगलं असतं,” सिद्रामप्पा म्हणाले. हे उत्तर नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

दांडी कड्यांतून गेली. मापानं घडवल्यासारखी. झालर सोडली. चुण्या सुटल्या, गुंडाळी झाकली, फट झाकली आणि छतावरची उजेडाची पट्टी विझली.

“वा!” ईरण्णा उतरून म्हणाला. “काकू, बगा की! दिवाळी झाली खोलीत.”

सत्यभामानं वर बघितलं. तिचा डावा हात चादरीवर उघडझाप करत होता. मग थांबला. तिनं डोळे खाली आणले आणि सरळ समोर, दाराकडं बघू लागली. त्या दुपारी ती रडली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. सिद्रामप्पांनी दीपमालाला झालरीचा फोटो पाठवला. तिनं टाळ्यांची चित्रं पाठवली.

त्या दिवसांत ‘वर’ हा शब्द ती बोलली नाही. एक शब्द कमी झाला, याची नोंद घ्यायला हवी होती, असं त्यांना नंतर वाटलं.

४

आठवडाभरानं एका दुपारी लाईट गेली होती. पंखा बंद. सिद्रामप्पा मागच्या खोलीत खुर्चीत डुलकी घेत होते. जाग आली ती कसल्याशा आवाजानं. नवीन सुती कापड ताणलं की करकरतं, तसा आवाज. एकदा. पुन्हा एकदा.

ते पुढच्या खोलीत आले. सत्यभामा बसली होती.

दिवाणावर, भिंतीला पाठ लावून, बरोबर खिडकीखाली. मांडी घातलेली. उजवा पाय, जो नागूबाई उचलून ठेवायची तेव्हा ओल्या पोत्यासारखा पडायचा, तो डाव्या पायावर नीट दुमडलेला. हात मांडीवर. डोकं ताठ. डोळे उघडे, दाराकडं.

“सत्यभामा!” त्यांचा आवाज फुटला. ते दिवाणापाशी गेले, तिचे हात धरले. हात ऊबदार होते. “अगं, तू बसलीस! कशी बसलीस? कोणी बसवलं?”

तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती आत येणाऱ्या माणसांकडं बघावं तशी दाराकडं बघत होती. दारात कोणी नव्हतं.

सिद्रामप्पा तिच्यापुढं जमिनीवर बसून रडले. एवढ्या मोठ्या आनंदात आपल्या अंगावर काटा का आला, याचा त्यांनी विचार केला आणि उत्तर शोधलं: आनंदानंही येतो.

५

फिजिओथेरपीचा शिवराज एक दिवसाआड उमरग्याहून मोटारसायकलवर यायचा. तरुण, उत्साही. त्यानं बघितलं आणि दारातच मोबाईल काढून व्हिडिओ घेतला.

“सर, पेढे काढा पेढे! असा पेशंट मी बघितला नाही. सिटिंग बॅलन्स एकदम परफेक्ट!”

व्हिडिओ दीपमालाकडं गेला. ती फोनवर हसत होती, रडत होती. “अप्पा, तुम्ही जिंकलात. राहा तिथंच. दोघंही राहा.”

शिवराजनं मग तिला खुर्चीत बसवायचं ठरवलं. दोघांनी धरून दाराजवळच्या खुर्चीत ठेवलं आणि हात सोडताच सत्यभामा उजव्या कुशीवर घसरली. डोकं छातीवर लोंबलं. पुन्हा दिवाणावर नेली. भिंतीला टेकवली. ताठ.

“सवयीची जागा असेल,” शिवराज म्हणाला. त्यानं तिच्या मानेला मागून, बाजूनं बोटं लावून बघितली. दाबून बघितली. त्याचं हसू हळूहळू कमी झालं.

“काय झालं?”

“काही नाही सर.” त्यानं पुन्हा दाबलं. “माणूस डोकं सावरतो तेव्हा इथले स्नायू घट्ट लागतात. काकूंची मान सैल आहे. पूर्ण सैल.” त्यानं हात काढून घेतला आणि पँटला पुसला. “मग डोकं कशावर थांबलंय?”

सिद्रामप्पांनी स्वतःच्या गळ्यातला पट्टा सारखा केला. “तुमच्या बोटांचा अंदाज चुकत असेल.”

“असेल सर,” शिवराज पटकन म्हणाला. त्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही.

आणि सिद्रामप्पा विचार करत बसले. एक निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. झालर लावली आणि ती बसू लागली, एवढ्यावरून झालरीमुळं बसू लागली असं म्हणता येत नाही. हे त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. तपासायचं तर झालर काढून बघायला हवी. पण काढली आणि ती पडली तर? दीपमाला गाडी घेऊन येईल. रोज संध्याकाळी भेटायला.

त्यांनी झालर काढली नाही.

६

नागूबाई भाचीच्या लग्नाला माकणीला गेली होती, ती त्या दिवशी परतली. हातात लाडूची पिशवी. “अक्काऽ, बगा काय आणलं” म्हणत आत आली आणि उंबऱ्यात एक पाय आत, एक बाहेर अशी उभी राहिली.

“कुणी बसवलं ह्यास्नी असं?”

“कोणी नाही. आपली आपण बसते. नागूबाई, सुधारणा आहे ही.”

“न्हाय.” तिनं पिशवी उंबऱ्यावरच ठेवली. “सर, तुमी शिकलेली माणसं. म्या काय बोलू? पर असं बसल्यालं म्या या खोलीत एकदा बगितलंय. ह्याच जागी. तुमच्या वडलांना.”

लिंगायतांच्या घरी माणूस गेलं की त्याला निजवत नाहीत. बसवतात. मांडी घालून, भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून, गळ्यात हार घालून. तसंच बसलेलं नेतात, तसंच बसलेलं मातीत ठेवतात. सिद्रामप्पांनी ते जन्मभर बघितलं होतं. वडील याच भिंतीशी बसले होते, तोंड दाराकडं, गाव दर्शनाला येत होतं. डोकं ताठ होतं. गेलेल्या माणसाचं डोकं आपलं आपण ताठ राहत नाही. त्याला कापडाची पट्टी लागते आणि ती पट्टी मागं कुठंतरी बांधावी लागते. हार फार होते. हारांच्या मागं काय होतं ते त्यांनी बघितलं नव्हतं. बघायचं कारणही नव्हतं.

“काढा ते,” नागूबाई म्हणाली. वर बोट करायचं तिनं टाळलं, नुसती हनुवटी हलवली. “जित्या माणसाचं लुगडं तिथं बांधतेत व्हय? आधी काढा, मंग म्या आत येते.”

“योगायोग असतो, नागूबाई.”

“असू द्या. काढा.”

ती अंगणात कडुनिंबाखाली जाऊन बसली. सिद्रामप्पा खोलीत एकटे राहिले. एकटे नव्हे, सत्यभामा होती.

पडदा सोडलेला होता. त्यांनी पाऊल मागं घेतलं, अंग तिरपं केलं आणि झालर बघितली. लावल्यापासून त्यांनी ती नीट बघितलीच नव्हती. दोन्ही कडांना चुण्या होत्या तशाच होत्या. मधल्या चुण्या नव्हत्या. उसवल्या नव्हत्या, टीप शाबूत होती. पण कापड मध्यभागी खाली ओढलं जाऊन सपाट, ताणलेलं होतं. धान्याचं गाठोडं बांधून टांगलं की फडकं ताणतं, तसं. दांडी मधोमध किंचित वाकली होती.

झालरीच्या कडेपासून सत्यभामाच्या डोक्यापर्यंत हातभर मोकळी जागा होती. पडद्याचा साईसारखा रंग आणि हवा, बाकी काही नव्हतं.

ते जवळ गेले. तिच्या हनुवटीखाली बघितलं. कातडीवर एक फिकट, रुंद वळ होता. कानांच्या मागून वर जाऊन केसांत नाहीसा झालेला. पट्टा काढल्यावर त्यांच्या स्वतःच्या मानेवर असायचा, तसा.

७

कात्री मशीनच्या खणात होती. स्टूल त्यांनी ओढत आणलं. या वयात, या मानेनं स्टुलावर चढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते चढले. आधी दांडी सरकवून बघितली. ईरण्णानं सहज ओवलेली दांडी कड्यांत दगडासारखी बसली होती.

त्यांनी कात्री नेफ्याला लावली.

“काढू नका. मान पडंल.”

आवाज खालून आला. स्पष्ट, अडखळ नसलेला. संक्रांतीपासून ज्या आवाजासाठी त्यांनी देव पाण्यात ठेवले होते, तो आवाज. सिद्रामप्पांच्या हातातली कात्री थांबली. एक क्षण, फक्त एक क्षण, त्यांना वाटलं, खाली उतरावं, तिच्यासमोर बसावं आणि तिला बोलू द्यावं. बसते आहे. बोलते आहे. आणखी काय मागितलं होतं आपण?

मग त्यांच्या ध्यानात आलं. लग्न झाल्यापासून सत्यभामानं त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली ती नेहमी ‘अहो’ म्हणून. रागावली तरी, हसली तरी. ‘अहो’शिवाय तिचं एक वाक्य त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी कापलं.

कापड फाटताना ते करकरलं, ओळखीचं. मधोमध कापलं गेलं तशी दांडी उसळून सरळ झाली, आणि खाली धप्प आवाज आला. सिद्रामप्पा कसे उतरले ते त्यांना सांगता आलं नसतं. सत्यभामा कुशीवर पडली होती. त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. जड होतं. सैल, जड, गरम. श्वास चालू होता. तिनं डोळे फिरवले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडं बघितलं. उशीवर पाणी ओघळलं.

“हं,” ती म्हणाली. तोच जुना, अर्ध्या तोंडाचा शब्द.

“हं,” सिद्रामप्पाही म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून दीपमालाला फोन केला. “अव्वाला घेऊन जा. मीही येतो. रोज संध्याकाळी भेटायला जाईन. चालेल मला.”

“पण अप्पा, ती तर बसत होती ना?”

“माझा अंदाज चुकला,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य म्हणताना त्यांना हायसं वाटलं.

८

दीपमाला रुग्णवाहिका घेऊन आली आणि पहाटेच आईला घेऊन गेली. सिद्रामप्पांनी मागं एक दिवस राहायचं ठरलं. बँक, गॅस, किल्ल्या. कापलेली इरकल त्यांनी सत्यभामाच्या पिशवीत घातली. दांडी अंगणात टाकली. कड्या उपटायला ईरण्णाला बोलावलं, तर तो बघून म्हणाला, “सर, दगडात कोंबल्यात. ओढाय गेलं तर भिंतच यील. राहू द्या, काय खात्यात व्हय?” दुपारपर्यंत नागूबाई भांडी आवरून, डोळे पुसून, “फोन करा बरं का, इसरू नका” असं दहादा बजावून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळची सोलापूरची गाडी धरायची होती. बॅग भरून दाराशी ठेवली होती. गळ्याचा पट्टा घामानं टोचत होता, म्हणून तोही काढून बॅगेत ठेवला होता.

ऊन फरशीवर आलं. सवयीनं त्यांनी पडदा सोडला. छतावर उजेडाची पट्टी उमटली.

मान ठणकत होती. फोन हातात घेऊन ते दिवाणावर टेकले, थोडा वेळ, गॅस बंद केला की नाही आठवण्यापुरते. पाठ भिंतीला लागली. भिंत गार होती. पाय थकले होते म्हणून वर घेतले, मांडी घातली. कुठंतरी कापड ताणल्यासारखं करकरलं. घरात आता ताणायला कापड नव्हतं, तेव्हा तो भास होता.

ठणका थांबला होता. हे ध्यानात यायला त्यांना थोडा वेळ लागला. किती वर्षांनी मान दुखत नव्हती. अजिबात नाही. डोक्याला वजनच नसल्यासारखं वाटत होतं. समोर दार उघडं होतं, दारात कोणी नव्हतं, आणि कोणी येईल तर ते दिसावं अशा जागी ते बसले होते.

मांडीवर फोन वाजू लागला. व्हिडिओ कॉलची ती धून. सत्यभामा असेल. त्यांना खाली बघायचं होतं.

मान खाली होईना.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. हनुवटीखाली काहीतरी रुंद, मऊ आणि घट्ट होतं. वर बघावं, तर तेही होईना. चाचपडत त्यांनी फोनच्या काचेवर अंगठा सरकवला. फोन मांडीवर उताणाच राहिला.

“अप्पा!” दीपमालाचा आवाज आला, खूश. “पोचलो आम्ही नीट. अव्वाला जाग आल्या आल्या तुम्हालाच बघायचं होतं. बोला ना! फोन मांडीवर ठेवलाय का? खालून दिसताय. अव्वा, बघ, अप्पा.”

सिद्रामप्पांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. हनुवटी सुटली नाही.

मग पलीकडून सत्यभामाचा आवाज, झालर लागल्यापासून ऐकू न आलेला शब्द.

“वर,” ती म्हणाली. “वर. वर. नको. वर.”

“अगं, रडतेस काय अशी? अप्पाच आहेत ते,” दीपमाला म्हणाली. “बघ तरी, पट्ट्याशिवाय किती ताठ बसलेत!”